मुडदूस की हाडांच्या वाढीचा आनुवंशिक आजार? एक्स-रे काय सांगतो

एका वडिलांनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. पाय गुडघ्याशी बाहेर वाकलेले, चालताना कमरेत डुलतो, बालवाडीतल्या मुलांपेक्षा बुटका. डी जीवनसत्त्वाचे कोर्स तीनदा झाले, फरक नाही. गुडघ्याच्या एक्स-रेच्या रिपोर्टात ‘रिकेट्स? मेटाफिजियल डिसप्लेझिया?’ अशी दोन प्रश्नचिन्हं. रिकेट्स म्हणजे मुडदूस, डिसप्लेझिया म्हणजे हाडांच्या वाढीतला आनुवंशिक दोष. एक डॉक्टर जीन टेस्ट करा म्हणतात, दुसरे म्हणतात आणखी एक कोर्स देऊ. पत्र लिहिणाऱ्या वडिलांचेही पाय लहानपणी वाकडे होते आणि उंची पाच फूट एक इंच. एक्स-रेवरून हे नक्की कळतं का, आणि आठ महिन्यांच्या धाकटीचाही एक्स-रे काढून घ्यावा का?

बहुतेक वेळा कळतं. पण त्यासाठी एका गुडघ्याची फिल्म पुरत नाही आणि रक्ताचे रिपोर्ट शेजारी असावे लागतात. मी लहान मुलांचे एक्स-रे वाचतो, त्यामुळे माझा कल एक्स-रेकडे असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी मुडदुसाचा निकाल लावू. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेस (हाडांच्या घडणीशी निगडित एन्झाइम), पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं संप्रेरक) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) एवढं हवं. हे झालेलं असेल तर तो कागद पुन्हा काढून बघा, कारण इथे एक नेहमीचा घोळ होतो. पुष्कळ लॅबच्या छापील रिपोर्टात शेजारची ‘नॉर्मल’ मर्यादा मोठ्या माणसांची असते. मोठ्यांचा फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५, तीन-चार वर्षांच्या मुलाचा मात्र ४ ते ६ च्या घरात हवा. मुलाचा २.८ आला तरी कागदावर त्यापुढे खूण होत नाही, सगळे ‘नॉर्मल आहे’ म्हणतात, आणि लघवीवाटे फॉस्फरस गळणारा आनुवंशिक मुडदूस डोळ्यांसमोरून निघून जातो. अल्कलाइन फॉस्फेटेसचं उलटं. वाढत्या मुलाचा आकडा ३०० असणं अगदी रोजचं, पण मोठ्यांची मर्यादा १२०-१३० ची असल्यामुळे तो ठळक अक्षरात छापला जातो आणि घरच्यांची झोप उडते. हाच आकडा मुलाच्या वयाच्या मानाने फार कमी असेल तर मात्र खरंच दचकायला हवं. तो हायपोफॉस्फेटेशिया नावाचा वेगळाच आजार असू शकतो. त्यात एक्स-रे मुडदुसासारखा दिसतो, दुधाचे दात मुळासकट लवकर पडतात, आणि डी जीवनसत्त्वाचे डोस फायद्याऐवजी अपाय करू शकतात.

डी जीवनसत्त्वाची पातळी मी मुद्दाम शेवटी घेतली. आपल्याकडे ठणठणीत मुलांमध्येही ती कमी निघते. ती कमी आहे म्हणून पाय वाकले, हे त्यातून सिद्ध होत नाही. उपचाराला मिळणारा प्रतिसाद जास्त बोलका. साधा, आहारातल्या कमतरतेचा मुडदूस असेल आणि डोस पोटात गेला असेल, तर दोन ते चार आठवड्यांत वाढीच्या टोकाशी चुन्याची पांढरी रेघ एक्स-रेवर उमटते. तीन कोर्सनंतर तुमच्या मुलाच्या फिल्मवर ती उमटलेली नसेल, तर चौथा कोर्स मागू नका. साठ हजार युनिटचं पाऊच मेडिकलमध्ये सहज मिळतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. डी साठत जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो.

आता गुडघ्याची फिल्म. लहान मुलाच्या लांब हाडाच्या दोन्ही टोकांना वाढीची चकती असते. ती कूर्चेची असल्यामुळे एक्स-रेवर काळी पट्टी दिसते. पट्टीच्या पलीकडे टोकाचं सुटं हाड म्हणजे एपिफिसिस, अलीकडे रुंदावलेला भाग म्हणजे मेटाफिसिस, आणि मधला लांब दांडा म्हणजे डायाफिसिस. मुडदुसात काळी पट्टी रुंद होते, मेटाफिसिस पसरट आणि खोलगट होतो, आणि त्याची कड कापडाच्या दशा सुटल्यासारखी विरलेली दिसते. कड विरते कारण तिथली कूर्चा चुना धरतच नाही. श्मिड जातीच्या मेटाफिजियल डिसप्लेझियामध्येही पट्टी रुंद असते, मेटाफिसिस पसरट आणि खडबडीत असतो. म्हणूनच तुमच्या रिपोर्टात दोन प्रश्नचिन्हं आली. पण नीट पाहिलं तर श्मिडमध्ये कड खडबडीत असली तरी पांढरी आणि शाबूत असते, आणि बाकीच्या हाडाची घनता चांगली असते. साध्या मुडदुसात सगळंच हाड फिकट. रक्ताचे सगळे आकडे श्मिडमध्ये नॉर्मल. खुब्याच्या फिल्मवर मांडीच्या हाडाची मान खाली झुकलेली दिसते, तिला कॉक्सा वारा म्हणतात. डुलत चालण्याचं कारण बहुधा तिथेच असतं. लहान वयात खुब्याचा गोळाही अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो. मणके जवळजवळ नॉर्मल.

मनगटाची फिल्म पाहताना एक सांभाळायचं: करंगळीच्या बाजूच्या अल्ना या हाडाचं टोक निरोगी मुलातही किंचित खोलगट असतं. तेवढ्यावरून मुडदूस म्हणणारे रिपोर्ट माझ्याकडे येतात, आणि त्यावर उपचारही झालेले असतात.

तुमच्या स्वतःच्या पायांबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण निदानाच्या दृष्टीने पत्रातली तीच ओळ सर्वांत मोलाची. फॉस्फरस गळणाऱ्या मुडदुसाचा सर्वांत आढळणारा आनुवंशिक प्रकार एक्स गुणसूत्रावरच्या पीएचईएक्स जीनमुळे होतो. बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो, एक्स नाही. म्हणजे बापाला तो आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुलींना होईल आणि एकाही मुलाला त्याच्याकडून मिळणार नाही. तुमच्या मुलाचा आजार तुमच्याकडूनच आला असेल तर तो हा प्रकार नव्हे. श्मिड मात्र सीओएल१०ए१ या जीनमुळे होतो आणि बाप किंवा आई कुणाकडूनही, मुलगा किंवा मुलगी कुणालाही, दर खेपेला निम्म्या शक्यतेने जातो. तुमचे पाय वाढत्या वयात बरेचसे सरळ झाले, उंची कमी राहिली, हेही श्मिडशी जुळतं. तुमच्या खुब्याची एक फिल्म काढा. वाढीच्या चकत्या बंद झाल्यावर मेटाफिसिसच्या खुणा पुसल्या जातात, पण मांडीच्या हाडाची झुकलेली मान बहुधा तशीच राहते. लहानपणीचा एखादा एक्स-रे घरी माळ्यावर असेल तर तो सोन्यासारखा जपा. अर्थात तुमचे पाय साध्या मुडदुसाने वाकले असतील आणि मुलाचं कारण निराळं असेल, हेही शक्य आहे. ‘आमच्या घराण्यातच आहे’ हे वाक्य मी ऐकून घेतो, पण फिल्म पाहिल्याशिवाय मानत नाही.

मला मुलाच्या कोणकोणत्या फिल्म हव्यात ते सांगतो, कारण ‘स्केलेटल सर्व्हे’ (सांगाड्याच्या ठरावीक एक्स-रेंचा संच) एवढंच लिहून दिलं की सेंटरवर कधी नको तेवढं काढतात, कधी हवं ते राहून जातं. कवटी समोरून आणि बाजूने. छाती. पाठीचा कणा समोरून आणि बाजूने. दोन्ही खुब्यांसह कंबर. एका हाताची आणि एका पायाची सगळी लांब हाडं, दोन्ही गुडघे समोरून. डाव्या हाताचा पंजा मनगटासह. प्रत्येक भागाची वेगळी फिल्म घ्यायची. अख्खं मूल एका प्लेटवर बसवलेला एक्स-रे मृत जन्मलेल्या अर्भकाच्या तपासणीत उपयोगी पडतो, चालत्या मुलात नाही. मानेचा कणा सगळ्यांना लागत नाही, त्याचं पुढे येईल.

इतक्या फिल्म कशासाठी, असं वाटेल. हाडांच्या वाढीच्या आनुवंशिक आजारांचं २०२३ चं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ७७१ आजार मोजतं, ४१ गटांत, आणि त्यांच्याशी जोडलेले ५५२ जीन. एवढे कुणी पाठ करत नाही. आम्ही आधी दोष कुठे आहे ते पाहतो: टोकाच्या सुट्या हाडात, मेटाफिसिसमध्ये, दांड्यात की मणक्यात, आणि कुठल्या दोन जागी मिळून. गुडघ्याच्या एका फिल्मवर यातलं एकच उत्तर मिळतं. तुमच्या मुलाचे मणके खरोखर नॉर्मल असतील तर निम्मी यादी तिथेच गळते. मणके चपटे निघाले तर श्मिड बाद आणि प्रकरण निराळं.

आकाँड्रोप्लेझिया हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आखूड हातपायांच्या ठेंगणेपणाचं ते सर्वांत आढळणारं आनुवंशिक कारण. तो ओळखायला मी कणा समोरून काढलेल्या फिल्मवर एकच गोष्ट मोजतो. प्रत्येक मणक्यावर डावी-उजवीकडे पेडिकलची (मणक्याचा पुढचा भाग मागच्या कमानीला जोडणाऱ्या खांबांची) दोन लंबगोल वर्तुळं दिसतात. निरोगी मुलात कमरेच्या पहिल्या मणक्यापासून पाचव्यापर्यंत त्यांच्यातलं अंतर खाली खाली वाढत जातं. आकाँड्रोप्लेझियात ते वाढत नाही, बहुधा उलट कमी होत जातं. शेजारी कंबरेचं हाड चौकोनी, खुब्याच्या खोबणीचं छत आडवं आणि सपाट. एवढं जुळलं की जीन टेस्टचा निकाल काय येणार हे मी आधीच सांगू शकतो: बदल एफजीएफआर३ या जीनमध्ये, आणि जवळजवळ नेहमी त्याच एका ठरलेल्या जागी. अशा मुलाला महागडी एक्झोम टेस्ट (जवळजवळ सगळे जीन एकदम वाचणारी) लागत नाही, तेवढी एक जागा तपासली तरी भागतं. दहापैकी आठ मुलांच्या आईबापांची उंची नॉर्मल असते, बदल नव्याने झालेला असतो. हे मी प्रत्येक वेळी आवर्जून सांगतो, कारण सासरी दोष सुनेच्या माथी मारला जातो आणि बदल तर बहुधा बापाच्या बीजात घडलेला असतो.

याच्याशी गफलत होणारा स्यूडोआकाँड्रोप्लेझिया. १९५९ साली पॅरिसच्या मारोतो आणि लामी या डॉक्टरांनी तो वेगळा काढला, आणि तो वेगळा काढला गेला तो एक्स-रेमुळेच. मूल जन्मतः अगदी ठीक, चेहरा नॉर्मल, दोनच्या सुमारास डुलत चालायला लागतं. वरवर पाहता तुमच्या मुलाचीच हकीकत. पण त्यात एपिफिसिस छोटे आणि वेडेवाकडे असतात, आणि कण्याच्या बाजूने काढलेल्या फिल्मवर मणक्याच्या पुढच्या कडेतून मधोमध एक टोक बाहेर आलेलं दिसतं. पेडिकलमधलं अंतर मात्र नॉर्मल. म्हणून कण्याची बाजूची फिल्म पाहिल्याशिवाय तुमच्या मुलाला श्मिडचं लेबल मी लावणार नाही.

मणके चपटे, मधोमध पुढे आलेलं टोक, गुडघे एकमेकांना घासणारे, छाती पुढे आलेली आणि मनगटं सैल असा मेळ दिसला तर मॉर्क्विओचा विचार करायचा. म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसच्या, म्हणजे एन्झाइम नसल्यामुळे पेशींत न पचलेली द्रव्यं साठत जाण्याच्या आजारांच्या, गटातला हा चौथा प्रकार. यात बुद्धी शाबूत राहते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अजून आहे, आणि मॉर्क्विओसारखे दोन्ही बाजूंनी दोष यावा लागणारे आजार अशा घरांत जास्त दिसतात. पंजाच्या फिल्मवर तळव्याच्या लांब हाडांची मनगटाकडची टोकं निमुळती होत गेलेली दिसली की माझा हात रक्तातल्या एन्झाइम तपासणीच्या कागदाकडे जातो. मानेचा कणा इथे काढायचा. दुसऱ्या मणक्याचं दातासारखं उभं टोक यात नीट बनत नाही, मान अस्थिर राहते, आणि कुठल्याशा छोट्या ऑपरेशनला भूल देताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. याच गटातला पहिला प्रकार, हर्लर, लवकर ओळखला तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होतो, पण तो साधारण पहिल्या दोन वर्षांत. तिथे पाऊच देत काढलेलं वर्ष परत मिळत नाही.

एक आजार भारतात पुष्कळ दिसतो आणि पुष्कळदा चुकतो: प्रोग्रेसिव्ह स्यूडोरुमॅटॉइड डिसप्लेझिया. मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत काही नाही, मग बोटांची पेरं जाड होतात, गुडघे-खुबे आखडतात. संधिवात म्हणून स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू होतं. ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल, सांधा गरम नाही, लाल नाही. पंजाची फिल्म पाहिली तर हाडाला संधिवाताची कुरतड नसते, उलट पेरांशी हाडांची टोकंच रुंद झालेली असतात, आणि कण्याच्या फिल्मवर मणके चपटे. दोन फिल्म आणि वर्षानुवर्षांची औषधं वाचतात.

आनुवंशिक नसून तसे दिसणारेही असतात. दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांचे एकसारखे तुकडे दिसले की ‘दोन्हीकडचा पर्थेस’ (रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा ढासळण्याचा आजार) असा रिपोर्ट येतो. खरा पर्थेस दोन्हीकडे एकाच वेळी, एकाच टप्प्यावर फारसा नसतो. तिथे आधी थायरॉइडची टीएसएच तपासणी करावी, कारण थायरॉइड कमी असलेल्या मुलाचे खुबे हुबेहूब असे दिसतात आणि गोळीने सुधारतात. ती नॉर्मल आली तर मल्टिपल एपिफिजियल डिसप्लेझिया, म्हणजे अनेक हाडांच्या एपिफिसिसचा आनुवंशिक दोष. त्याच्या एका प्रकारात गुडघ्याच्या बाजूच्या फिल्मवर वाटी दुपदरी दिसते. एवढी एक खूण थेट एसएलसी२६ए२ या जीनकडे नेते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या गावांतून आलेल्या मुलाचे पाय वाकडे असतील तर बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडची चौकशी करावी आणि दातांवरचे डाग बघावेत. तिथे एकाच घरातली तीन माणसं वाकलेली दिसली म्हणून आजार आनुवंशिक ठरत नाही, पाणीही सगळ्यांचं एकच असतं. उलटंही घडलेलं आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हंदिगोडू गावात १९७० च्या दशकात सांध्यांचा आजार घराघरांत दिसला, तेव्हा भातखाचरातले खेकडे आणि त्यांतून पोटात जाणारी कीटकनाशकं यांच्यावरही संशय घेतला गेला. पुढे तो मणके आणि एपिफिसिसचा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा डिसप्लेझिया असल्याचं मानलं गेलं.

मग जीन टेस्ट करायची का? करायची, पण सर्व्हे वाचून झाल्यावर. एक्झोमच्या रिपोर्टात बऱ्याचदा ‘या बदलाचा अर्थ अनिश्चित’ असं लिहून येतं. त्या वेळी लॅबवाल्यांना मुलाची हाडं कशी दिसतात हे सांगणारं कुणी नसेल, तर तो कागद फाइलला लावण्यापलीकडे काही होत नाही. टेस्टच्या फॉर्मवर ‘बुटकेपणा’ एवढंच लिहू नका. ‘मेटाफिजियल बदल, कॉक्सा वारा, मणके नॉर्मल, कॅल्शियम-फॉस्फरस नॉर्मल’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. शोध नेमका होतो. महाराष्ट्रात २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे मान्यताप्राप्त केंद्र आहे, तिथल्या जेनेटिक्स विभागाला दाखवता येईल. फॉस्फरस गळणारा मुडदूस निघाला तर उपचार पूर्ण वेगळा आहे. श्मिड निघाला तर औषध नाही, पण बातमी वाईटही नाही. पाय पुष्कळदा वयानुसार सुधारतात, म्हणून हाड कापून सरळ करण्याची घाई करू नये. खुब्याची मान फार झुकली तर मात्र अस्थिशल्यचिकित्सकाला वेळेत दाखवावं. कोणतंही निदान न होता कॅल्शियम आणि डी देत राहणं एवढंच टाळा.

फिल्म नेताना सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम फाइल (एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल) मागून घ्या. खिडकीला धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत मेटाफिसिसची कड विरलेली आहे की शाबूत, नेमकं तेवढंच दिसत नाही. आणि मुलाची उभ्याची उंची, बसल्याची उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी मोजून तारखेसह लिहून न्या.

धाकटीचा एक्स-रे आत्ता काढू नका. श्मिडच्या खुणा मूल चालायला लागल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उमटतात. आठव्या महिन्यातली नॉर्मल फिल्म तुम्हाला खोटा दिलासा देईल. तिच्या रक्तात मात्र वयानुसार मर्यादा लावून फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेस एकदा बघून घ्या, कारण एक्स गुणसूत्रावरचा फॉस्फरस गळणारा मुडदूस तुमच्यात असेलच तर बापाकडून तो तिला हमखास आलेला असेल, आणि त्याचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके पाय सरळ राहतात. मुलाच्या जीनमध्ये बदल सापडला तर तोच एक बदल तिच्यात आहे का, हे थोड्या रक्तावर आणि एक्झोमपेक्षा बऱ्याच कमी खर्चात तपासता येतं. मुलातच बदल सापडला नाही आणि धाकटी दीड-दोन वर्षांची झाल्यावर डुलत चालू लागली, तर गुडघा आणि खुबा अशा दोनच फिल्म काढा.